सासूबाईंना उचलण्याचा व्यायाम

मी जिमला जायला लागले ते बारीक होण्यासाठी नाही, सासूबाईंना उचलता यावं म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं तेच आहे. केळीच्या वाडीत पाय घसरून त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर वॉकर धरून चालायलाही लागल्या. अडायचं ते एकाच ठिकाणी. एकदा बसलं की उठता येत नसे. खुर्चीतून उठवायला मी, पलंगावरून उठवायला मी आणि संडासातही मीच. नवरा घरात असला तरी तिथे त्याचा उपयोग शून्य. थोड्याच दिवसांत माझी कंबर धरली.

वसईजवळ सातिवलीत मी ज्या पॅकिंगच्या युनिटमध्ये हिशेब बघते, त्याच्या मागच्या गल्लीत एका जुन्या गोडाऊनमध्ये जिम निघाली होती. शेजारी प्लास्टिकची झाकणं बनतात, त्यामुळे आत कायम गरम प्लास्टिकचा वास. तिथलं रोइंग मशीन मला बघताक्षणी पटलं. सरकत्या पाटावर बसायचं, पाय रेटायचे आणि साखळीची मूठ पोटाकडे ओढायची. उचलणं म्हणजे शेवटी ओढणंच, असा माझा हिशेब. ऑफिस सुटलं की रोज तेवढंच एक मशीन मी करायची आणि मग स्कूटर काढून नंदाखालला घरी. कंबर सुधारली, दंड दिसायला लागले. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

हिशेब चुकला होता ते एका संध्याकाळी कळलं. सासूबाईंना खुर्चीतून उठवायला त्यांची दोन्ही मनगटं धरली, सवयीने पाय रोवले आणि ओढलं. त्या बाटलीच्या बुचासारख्या सुटून माझ्या अंगावर आल्या आणि आम्ही दोघी मागच्या दिवाणावर. कुणाला लागलं नाही हे नशीब. श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या, "मला काय वल्हवतेस गं?" त्यांचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीवाल्यांचं, शेतावर जायचं तेही होडीने. वल्हवणं कशाला म्हणतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

दुसऱ्या दिवशी हे मी जिममधल्या ट्रेनरला सांगितलं. ती विरारची, माझ्या भाचीच्या वयाची. ती हसली नाही, याबद्दल मी तिला मनातल्या मनात मार्क दिले. "ताई, तुम्ही एकच मूव्हमेंट इतकी केलीत की बॉडीला आता दुसरं काही सुचतच नाही," ती म्हणाली. रोइंग सोडू नका, पण एक दिवसाआड करा आणि मधल्या दिवशी दुसरं काहीतरी, असं तिचं म्हणणं. मग ठोकळ्यावर चढणं-उतरणं आलं. दोन्ही हातांत वजनं घेऊन चालणं आलं, त्याला म्हणे फार्मर्स वॉक म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म केळीचे घड वाहिले, मुलावर ती पाळी येऊ नये म्हणून त्याला शिकवलं, आणि आता त्यांची सून हौसेने तेच करत होती.

आणि आलं स्की मशीन. वसईत हे कशाला, हा प्रश्न मला पडलाच. बर्फ आम्ही बघतो तो मासळी बाजारात. एक उंच खांब, वरून लोंबणाऱ्या दोन दोऱ्या, दोऱ्यांना मुठी. उभं राहून दोन्ही मुठी वरून खाली खेचायच्या, खेचता खेचता कमरेत वाकायचं आणि परत वर सोडायचं. दिसायला सोपं. पण दुसऱ्या दिवशी काखेखाली आणि दंडाच्या मागच्या बाजूला जे दुखायला लागलं, तिथे दुखू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं.

माझा स्वभाव चौकस. हे स्नायू मी एरवी कुठे वापरते ते शोधायचंच, म्हणून ऑफिसमध्ये दिवसभर एक हात काखेत घालून बसले. ड्रॉवर ओढला, तिथे काही हललं नाही. फाइल उचलली, नाही. शेवटी चहाला उठताना खुर्चीच्या हातांवर तळवे दाबले आणि नेमकं तिथेच ठणकलं. खात्री करायला तीनचारदा उठबस केली. साहेबांनी कंबर दुखतेय का विचारलं. मी नाही म्हटलं, आणि शोध लागल्याच्या आनंदात चहा गार करून टाकला.

पण त्या शोधाचं पुढे काय करायचं, ते मला सासूबाईंनीच सुचवलं. त्यांचं पाणी पिणं फार कमी झालं होतं. डॉक्टर रागावले, मीही पाठीमागे लागले. एकदा मी फारच टोकलं, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पानी प्यायलं की तुला हाक मारावी लागते."

मी त्यांना उचलायला इतके दिवस दंड कमावत होते, आणि त्यांना उचलून घ्यायचंच नव्हतं.

हातांच्या जोरावर त्यांना स्वतःच उठता येईल का, म्हणून डॉक्टरांना विचारलं. हातांना काहीही करू द्या, म्हणाले. मग शनिवारी रिक्षा करून त्यांना जिममध्ये नेलं. ट्रेनरने स्की मशीनसमोर खुर्ची ठेवली. हे बसूनही करता येतं, हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंनी आधी मान वाकडी करून मशीनच्या मागे बघितलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे कळल्याशिवाय त्या ओढायला तयार नव्हत्या. आत पंखा असतो, तो फिरतो, असं सांगितल्यावर एवढं ओढून नुसता वारा, म्हणून त्यांनी नाक मुरडलं. मग ओढलं. परत ओढलं. थांबायला सांगितलं तरी ओढलं.

त्यानंतर दर शनिवारी रिक्षा ठरलेली. एरवी घरात खिडकीच्या वरच्या गजाला रबरी पट्टे बांधले आणि दुपारची सिरियल लागली की त्या ओढत बसायच्या. सुनेला छळणाऱ्या सासूचा प्रसंग आला की जोर वाढायचा. कुणाच्या बाजूने, ते मी विचारलं नाही.

एका रविवारी सकाळी त्या वॉकर घेऊन संडासाकडे निघाल्या. नेहमीप्रमाणे मी मागोमाग. दारात पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता दार लोटलं आणि आतून कडी लावली.

मी बाहेर हात पुढे करूनच उभी राहिले. आता पडल्या तर दार तोडावं लागेल, हेच डोक्यात. बराच वेळ काही नाही. मग धरून उठायला भिंतीवर बसवलेला स्टीलचा बार करकरला, थांबला, पुन्हा करकरला. आणि लादीवर वॉकरच्या पायांचा टक्क आवाज आला. मी तोंडावर पदर धरला.

"तू तिथंच उभी आहेस ना गं?" आतून प्रश्न आला.

"नाही," मी म्हटलं.