बकरी बसवलेला माळ

आमच्या अण्णाला आभार मानता येत नाहीत. वहिनीने झकास आमटी केली तरी हा म्हणणार, "आज मीठ बरोबर पडलंय." आई मोठ्या दुखण्यातून उठली आणि याने आभार मानायचं मनावर घेतलं, तेव्हा काहीतरी भलतं होणार हे ठरलेलंच होतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं गाव निपाणीच्या वाटेवर, हायवे सोडून आत. तो तिथे शेती बघतो. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टी मिळाली की गावी जाऊन त्याच्याशी भांडते.

घरामागच्या चढावर आमचा माळ आहे. तिथे ऊस नाही, तंबाखू नाही, नुसतं गवत. माती इतकी पातळ की खुरपं घातलं की मुरूम लागतो. गवत गुडघ्यापर्यंत आलं तरी खूप झालं. पण त्या विरळ गवतात काय काय असायचं! पिवळी सोनकी, इवलीशी जांभळी फुलं, ज्यांची नावं मला विज्ञान शिकवूनही येत नाहीत, आणि भाद्रपदात गुलाबी तेरडा. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं. ती मुळासकट आणायची, तिला साडी नेसवायची, भाकरी-भाजीचा नैवेद्य दाखवायचा. आई लग्न होऊन आली तेव्हापासून गौर तीच आणते, आणि याच माळावरून आणते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "औंदा गौर मीच आणणार हाय. आत्ताच सांगून ठेवते." मी तिच्यावर ओरडले, मग बाहेर जाऊन रडले. अण्णा कॅन्टीनला चहा प्यायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आई घरी आली आणि अण्णाने माळावर बकरी बसवली. आमच्याकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात. धनगराचा कळप रात्रीच्या मुक्कामाला आपल्या रानात घ्यायचा, भोवती खुंट्या ठोकून वाघर म्हणजे जाळी लावायची. रात्रभरात लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, असलं खत दुसरं नाही. उसासाठी लोक धनगराची वाट बघत बसतात. पण गवताच्या माळावर बकरी बसवल्याचं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं.

"ऊस सोडून माळावर? डोकं फिरलंय काय रं तुझं?" मी फोनवर विचारलं.

"आगं, एवढी वर्सं ह्या माळानं म्हशीस्नी खाऊ घातलं," अण्णा म्हणाला. "आईचा जीव हाय त्येच्यावर. त्येला कुणी कधी घातलंय का काय? जेवू दे की एकदा पोटभर."

मला गहिवरूनच आलं. फोन ठेवताना मी त्याला पहिल्यांदाच शहाणा म्हटलं.

श्रावणात गेले तर माळ ओळखू येईना. गवत माझ्या छातीला लागत होतं. काळंभोर हिरवं, जाड पातीचं, रेटून उभं. शेजारीपाजारी येऊन बघून जात होते. अण्णा तर असा फिरत होता, जणू गवत त्याच्याच डोक्यावर उगवलंय.

मी पाती बाजूला सारून आत वाकले. खाली अंधार आणि कुबट ओल. सोनकी नव्हती. तेरड्याचं एक रोप नव्हतं.

पंगतीत वाढपी सढळ असला की दांडगी माणसं हात मारतात आणि लहान पोरं मागे ढकलली जातात, तसं झालं होतं. पातळ मातीत सगळेच अर्धपोटी होते, म्हणून कुणी कुणाच्या डोक्यावर चढत नव्हतं. आता आयतं खत मिळाल्यावर एका गवताने ते ओढून घेतलं, उंच झालं आणि सगळं ऊन अडवून बसलं. खाली बारक्या रोपांचा उजेड गेला.

मी अण्णाला सांगितलं. त्याचा चेहरा पार उतरला.

"बेळगावात खासबागच्या बाजारात मिळतो की तेरडा," मी म्हटलं.

"बाजारातली गौर आईला चालंल व्हय?" तो म्हणाला. "त्या ऑपरेशनातनं ती कशासाठनं उठली, सांग की." मग हळूच म्हणाला, "तिला आत्ता सांगू नगंस."

गौर आणायच्या दिवशी आई सकाळीच इरकली नेसून, हळदीकुंकवाचं ताट आणि तांब्या घेऊन तयार. डॉक्टरांनी चढ सावकाश चढायला सांगितलं होतं. अण्णाने तिचा हात धरला. माळाच्या कडेला आई थांबली आणि त्या गवताकडे बघत राहिली. अण्णाला राहवलं नाही.

"आई, बकरी मी बसवलीती. तुज्यासाठनंच बसवलीती गं."

"वर तर जाऊया," आई म्हणाली.

वर टोकाला खडक आहे. तिथे धनगराला खुंट्या ठोकता आल्या नव्हत्या, म्हणून त्याने वाघर अलीकडेच संपवली होती. त्या रेषेपर्यंत छातीएवढं गवत, आणि पलीकडे खडकाच्या कडेने, बोटभर मातीत, तेरडा गुलाबी फुलून उभा होता. दगडाचे आभार मानावेत असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी वाकून खडकाला हात लावला, तर अण्णा आधीच नमस्कार करत होता.

आता बकरी उसातच बसतात. माळाचं गवत आम्ही कापून नेतो, घालत काही नाही. माती हळूहळू पुन्हा भुकेली होते आहे आणि तेरडा दर साली खडकावरून थोडा खाली सरकतो आहे.

त्या दिवशी आईने हळदकुंकू वाहिलं, लागतील तेवढीच रोपं घेतली. बाकीची बी धरू देत म्हणाली. मग तोंडात पाण्याची चूळ धरली. आमची रीतच आहे, गौर घेतलेल्या बाईने उंबऱ्यापर्यंत बोलायचं नाही.

आणि नेमका तेव्हाच अण्णाला कंठ फुटला. "चुकलं गं माझं. मला वाटलं, माळ खूश हुईल, तू खूश हुशील." आई गप्प. "रागावलीस व्हय?" आई गप्प.

"तिच्या तोंडात पाणी हाय रं," मी म्हटलं. त्यालाही ते माहीत होतं. तरी उतारभर तो उत्तराची वाट बघत राहिला. मध्येच ओल्या मातीवर आईचा पाय सरकला, तेव्हा त्याने तिला कमरेला धरून जवळजवळ उचलूनच खाली आणलं. तिच्या कवेत गौर होती, ती तिने हलू दिली नाही.

दारात वहिनीने आईच्या पायांवर पाणी घातलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

याचं उत्तर ठरलेलं आहे. सोन्याच्या पावलांनी आली, म्हणायचं. आईने चूळ टाकली. मागे वळून चिखलाने माखलेल्या अण्णाकडे पाहिलं.

"लेकाच्या पावलांनी आली," ती म्हणाली.