लंकीच्या पाठीमागं

आमच्या बोरी बुद्रुकात उसाकडंच्या वावरात बाई एकटी खुरपायला बसत न्हाई. एक खुरपते, दुसरी काठी घेऊन तिची पाठ राखते. बिबट्या वाकलेल्या माणसावर येतो. लंकाबाई आणि मी, आठ वर्सं अशी जोडी. लंकीनं दोन लेकरं एकटीनं वाढवली, कुणापुढं कधी रडली न्हाई. पण तोंड? कांद्याशीबी बोलंल!

आणि मला हाकललं कुणी? तीन पायांच्या कॅमेऱ्यानं.

शेजारच्या जयवंताची प्रतीक्षा पुण्यात डॉक्टरकी करती, औषधाची न्हाई, अभ्यासाची. बायांच्या कामाचा अभ्यास शूटिंग करून कसा करायचा, ते शिकत व्हती. तिच्या सरांनी बजावलेलं, तू समोर असलीस की बाया वेगळ्या वागतात; कॅमेरा लाव, मधी पडू नकोस. पोरगी कॅमेरा लावून निघून जायची. लंकीला वाटलं, ती घरी बसून त्यातनं बघतीय. मला म्हणाली, "प्रयागे, जा तू. समोरनं माझ्या मागचं सगळं प्रतीक्षाला दिसतंय." लई राग आला मला. म्हटलं, बस त्या डबड्याला धरून! तीन दिवस फिरकले न्हाई.

चौथ्या दिवशी दुपारी प्रतीक्षा लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली. "प्रयागमावशी, वाऱ्यामुळं लंकामावशीचं बोलणं कळंना. तुमी ऐका."

पहिल्या दिवशीच्या शूटिंगात लंकी कॅमेऱ्याला सुनेच्या कागाळ्या सांगतीय. मागं उसाचं पाचट हललं. वारा आसंल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिथंच दोन कान. तिसऱ्या दिवशी तो उसातनं बाहेर येऊन बसला, लंकीपासून दहा पावलांवर. नुसता बसला. लंकी हसली की मान कलती करायचा. पाऊण तास तसाच.

मी प्रतीक्षाकडं वळले. "तू हे बघितलं न्हाईस?"

"आज पहिल्यांदाच बघतीय. आणि मावशी... आत्ताच कॅमेरा लावून आलेय."

अगं बाई! काठी उचलली नि अनवाणीच पळाले. प्रतीक्षा माझ्या मागं. लंकी खुरपत व्हती. जिवंत! मागं उसात काय न्हाई. "आलीस व्हय? गेला का राग?" म्हणाली. मी तिला शिव्या घातल्या, मिठी मारली, आणि ढसाढसा रडले.

घरी येऊन तिघींनी त्या दुपारचं शूटिंगबी बघितलं. मी लंकीला मिठी मारलीय, उसाकडं पाठ करून. माझ्या पाठीमागं पाचट बाजूला झालं. तो बाहेर आला. बसला.

मग चित्र हळूच सरकलं. आमी दोघी कडंला गेलो, तो बरोब्बर मधी आला. कॅमेऱ्याजवळ कुणाचातरी श्वास ऐकू येत व्हता.

लंकीनं मान वळवून पोरीकडं बघितलं. "तुला दिसत व्हता?"

प्रतीक्षा म्हणाली, "हो."