नीळ घातलेला एप्रन

चामडं बादलीत बुडवून, वर सोडा आणि नीळ घालून धुणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आरशात. तेव्हा ती चाळिशीला टेकलेली होती, बी. ए. झालेली होती आणि स्वतःला फार हुशार समजत होती.

आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. नाशकात एक लॉज होता, म्हणजे खोल्या भाड्यानं देतात तो नव्हे. एकमेकांना बंधू मानणाऱ्या पुरुषांची जुनी मंडळी. हे त्यातले. महिन्यातून एका शनिवारी भर उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट घालून, हातात काळी चपटी बॅग घेऊन निघायचे. बॅगेला कुलूप. आत काय चालतं ते बायकोलाही सांगायचं नाही, हा तिथला नियम.

मी पुरणपोळ्या करून पाहिल्या, अबोला धरून पाहिला. शेवटी एकदा हे म्हणाले, "अगं, चांगलं कसं वागायचं त्याची तालीम करतो आम्ही तिथं."

"मग घरी प्रयोग कधी आहे?" मी विचारलं. त्या वेळी स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे गळत होता.

खरं तर प्रयोग चालूच होते, पण घराबाहेर. एखादा बंधू वारला की त्याच्या बायकोचे पेन्शनचे कागद हे भरणार, तिच्याबरोबर कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहणार. पेठकडच्या पाड्यांवरून मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या यायच्या. त्यांना दवाखान्यात न्यायचं, डोळ्यांची पट्टी सुटेपर्यंत शेजारी बसायचं. मी मात्र नळाखाली पातेलं ठेवून चरफडत होते. अशी मी.

त्या वर्षी ह्यांना लॉजचे प्रमुख म्हणून नेमलं. त्याला ते मास्टर म्हणत. शनिवारी संध्याकाळी खुर्चीवर बसवायचा सोहळा, आणि त्यानंतरच्या जेवणाला बायकांनाही बोलावणं. आठवडाभर हे घरात पुटपुटत फिरत होते. भाषण पाठ करायचं होतं. शुक्रवारी कामावर जाताना त्याच नादात बॅगेची किल्ली टेबलावर विसरले.

मी दहा मिनिटं किल्लीकडे बघितलं नाही. अकराव्या मिनिटाला बॅग उघडली.

आत पांढरे हातमोजे आणि एक पांढरा एप्रन. हातभर लांब, मऊ, कडेला निळी फीत. मला बाई हसूच आलं. वीस वर्षांचं गुपित म्हणजे बाळाचं लाळेरं! आणि खाली एक पिवळट डाग. मी ठरवून टाकलं, वरणाचा. उद्या नवरा शंभर माणसांपुढे वरणाचा डाग मिरवणार? माझी शोभा ती काय राहील?

माहेर माझं मखमलाबादच्या मळ्यातलं. बैलांच्या चामडी पट्ट्यांना वडील एरंडेल लावायचे, ते बघत मी वाढले. तरी ते कोकराचं कातडं आहे हे माझ्या हाताला कळलं नाही. कढत पाणी, सोडा, ब्रश, शेवटी नीळ. उन्हात दोरीवर घातला. चार वाजता काढायला गेले तर नागलीचा पापड. वाजवला असता तर वाजला असता.

हे आले तेव्हा तो दोरीवरच होता, माझ्या दोन परकरांच्या मधोमध. मी दारामागे. ह्यांनी बोटानं त्याची कड दाबून पाहिली.

"वाळला का?" एवढंच विचारलं.

मी रडायला लागले. मग पहिल्यांदा त्यांनी मला लॉजमधलं काहीतरी सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांना तो एप्रन बांधला होता. पुढं कितीही मोठं पद मिळो, दुसरे कितीही झगझगीत मिळोत, तो पहिला जपायचा, आणि शेवटी माणसाबरोबर तोच जातो. मास्टरच्या खुर्चीकडे जाताना तोच बांधायचा असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"आणि तो डाग?"

"डाग कसला? कातडं जुनं झालं की पिवळं पडतं. माणसासारखंच." मग म्हणाले, "असू दे. उद्या कुणाचा तरी मागून घेतो." आणि भाषण पाठ करायला बसले. पण तेच एक वाक्य चारदा म्हणत होते.

शनिवारी सकाळी हे कामावर गेले तशी मी रिक्षानं भद्रकालीत, ओळखीच्या चांभारदादांकडे. त्यांनी एप्रन उलटा-सुलटा केला.

"ताई, हे कुणी उकाळलं?"

"आमच्या बाईनं," मी म्हणाले. आमच्याकडे बाई नव्हतीच.

"काढून टाका तिला."

"काढता येत नाही हो. फार जुनी आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ओलं फडकं फिरवून, फळीवर खिळ्यांनी ताणून, एरंडेल चोळत राहिले. मीही पदर खोचून शेजारी चोळत बसले. दुपारपर्यंत तो वाकायला लागला. दोन बोटं आखूड झाला होता, निळसर दिसत होता, आणि उजवा कोपरा काही केल्या बसेना.

घरी आल्यावर ह्यांनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि घडी घालून बॅगेत ठेवला. किल्ली मात्र टेबलावरच ठेवली. त्यानंतर ती कायम तिथंच असायची. बॅगेला कुलूप लागलं नाही, आणि मी पुन्हा ती उघडली नाही.

संध्याकाळी जेवणाआधी फोटो काढायला सगळे बाहेर आले. ह्यांच्या कमरेला तोच एप्रन, कोपरा वर. शेजारचे वयस्कर बंधू नाक वर करून म्हणाले, "इथं एरंडेलाचा वास कुठून येतोय?"

"आमच्या घरचा आहे," हे म्हणाले. फोटोत ह्यांचं तोंड हसण्यानं उघडंच आलंय.

हे गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी लॉजची मंडळी अंगणात उभी होती. तेच वयस्कर बंधू काठी टेकत जवळ आले. "वहिनी, त्यांचा पहिला एप्रन?"

मी बॅग आणून दिली. अंत्यविधी सांगायला आलेले गुरुजी अडखळले. वाईट नव्हते बिचारे, पण म्हणाले, "आजी, चामडं आहे. अंगावर ठेवायचं म्हणजे... शुद्धतेचा प्रश्न येतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गुरुजी," मी म्हणाले, "ते मी स्वतः सोडा घालून, नीळ घालून धुतलंय. त्याच्याइतकं शुद्ध ह्या घरात काही नाही."

वयस्कर बंधूंनी तोंडावर रुमाल धरला. रडत होते की हसत, कळलं नाही. गुरुजींनी मान हलवली आणि बाजूला झाले.

एप्रन मीच ठेवला. उजवा कोपरा तळव्यानं दाबून बसवला. हात काढला तसा तो पुन्हा वर आला. राहू दिला.