दोन पालथ्या वाट्या

अमोलचा फोन आला तेव्हा मी लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होते. अमोल माझा भाचा, दादाचा मुलगा. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून बोलत होता. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी अडकित्ता खाली ठेवला. माझा एकुलता एक भाऊ गेला होता, आणि खरं सांगते, माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते असं... असा कसा गेला? माझं भांडण अर्धं टाकून? या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. लोक भेटायला येतात, दादाच्या दिलदारपणाच्या गोष्टी सांगतात, मी मान हलवते. त्या खोट्या नाहीत. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो झाकून लिहायचं तर न लिहिलेलंच बरं.

आई गेली तेव्हा आम्ही दोघं तिच्या अस्थी घेऊन काशीला गेलो होतो. तिथं गेलेल्या माणसाच्या नावानं एखादं फळ नाहीतर भाजी जन्मभरासाठी सोडायची आपल्याकडे रीत आहे. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, फणस. फणस मला लहानपणापासून आवडत नाही, म्हणजे सोडायला सोपा. दादानं ते ऐकलं आणि घाटाच्या पायऱ्यांवर, चारचौघांत, मला झापलं. "आईसाठी सोडून राहिली न वं तू? मंग आवडीचं सोड. फणस तं तू तसाबी खात नाही, आईले फसवते का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तोच म्हणाला, "आंबा सोडू. दोघंबी सोडू. एकट्यानं सोडलं तं टिकत नाही." आमच्या घरात आंबा म्हणजे जीव की प्राण. आई रस काढायला बसली की आम्ही कोयींसाठी मारामारी करायचो. आम्ही गंगेत ओंजळभर पाणी सोडलं आणि आंबा सोडला. दादा माझ्या एक पाऊल पुढचा, परतीच्या गाडीतच त्यानं पळवाट काढली. कैरी म्हणजे आंबा नव्हे, त्यामुळे लोणचं आणि पन्हं चालेल. मी हसले, आणि तेवढं मान्य केलं.

तेव्हापासून नागपूरचा प्रत्येक उन्हाळा आम्ही दोघांनी तसाच काढला. लग्नाच्या पंगती, वास्तुशांती, अक्षय तृतीया, जिथं जाऊ तिथं रस. दादा मुद्दाम माझ्या उजव्या हाताला बसायचा. रसाची बादली दुरून दिसली की तो वाटी पालथी घालायचा, त्याच्यामागून मी घालायचे, आणि वाढप्याला तो सांगायचा, "आम्ही दोघं नाही खात." आम्ही दोघं... त्या दोन शब्दांसाठी मी आंब्याचा घमघमाट सोसला. माझा नवरा अकाली गेला, मुलं बाहेरगावी गेली, तरी आईच्या नावाची एक गोष्ट आहे आणि ती आम्ही दोघं मिळून धरून आहोत, याचा मला फार आधार वाटायचा. सासरच्या बायका म्हणायच्या, किती वर्षं धरून बसाल, सोडा आता. मी म्हणायचे, माझा भाऊ पाळतो, मी का मोडू?

मागच्या उन्हाळ्यात अमोलनं आम्हा सगळ्यांना बँकॉकला नेलं. दादा, वहिनी, अमोलची बायको, त्यांची मुलगी चिनू आणि मी. तिथल्या खानावळी बघून दादा लहान मूल झाला होता. मेनूकार्डावरची चित्रं त्याला पटायची नाहीत. तो सरळ उठायचा, दुसऱ्यांच्या टेबलांपाशी जाऊन त्यांच्या ताटात डोकावायचा, आणि परत येऊन वाढणाऱ्या मुलीला बोट दाखवून सांगायचा, ते आण. तिथली माणसं हात जोडून नमस्कार करतात, म्हणून हाही प्रत्येक ताटलीमागे नमस्कार करायचा. शर्टाच्या खिशात भिवापुरी तिखटाची डबी असायची. एका दुपारी तिथली हिरवी आमटी नाकातून निघाली तेव्हा डबी मुकाट्यानं खिशात गेली. "हे आपल्याहून जालीम आहेत गा," असं अमोलला म्हणाला आणि डोळे पुसत परत वाडगा पुढे केला. आम्ही पोट धरून हसलो. एवढं हसलेली मी कितीतरी वर्षांनी.

त्या संध्याकाळी नदीकाठच्या एका हॉटेलात चिनूनं गोड काहीतरी मागवलं. नारळाच्या दुधातला चिकट भात आला, आणि त्याच्या शेजारी पिकल्या आंब्याच्या फोडी. मी सवयीनं ताटली बाजूला सरकवली. दादाकडे पाहिलं, तर त्यानं एक फोड उचलून तोंडात टाकलेली. मग दुसरी. चिनूशी बोलता बोलता खात होता, भाजी-पोळी खावी इतक्या सहज. मला वाटलं, भान नाही त्याला, आता वहिनी टोकेल. वहिनीनं आपल्या पुढच्या दोन फोडी त्याच्या ताटलीत टाकल्या. "घ्या, तुम्हाले गोडच लागते," म्हणाली. टेबलावर कोणालाच नवल वाटलं नाही. अमोलला नाही, सुनेला नाही, पोरीलासुद्धा नाही. तेव्हा कळलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं.

"दादा, काय खाऊन राहिला तू?" मी विचारलं. त्याचा घास थांबला.

"सोडला होता न वं," तो म्हणाला. "मंग धरला."

"कधी?"

"...त्याच उन्हाळ्यात."

"अन् माह्याजवळ बसून वाटी काहून पालथी घालत होता गा?"

"तू घालत होती म्हणून. तुले एकटीले कसंतरी वाटलं असतं."

त्याला वाटलं, यात प्रेम आहे. असेलही. मला मात्र कोणी भरबाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. खेळात लहान भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात, त्याला वाटतं आपणही खेळतोय, तशी मी इतकी वर्षं खेळत होते. फणस सोडते म्हणून ज्यानं मला आईला फसवतेस म्हटलं, त्यानं आईलाही फसवलं आणि मलाही. आणि सगळं घर, माझ्या माघारी, माझी कीव करत रस खात होतं. उरलेल्या सहलीत मी प्रत्येक हॉटेलात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

परतल्यावर त्याच महिन्यात नात्यातलं एक लग्न निघालं. पंगतीत दादा माझ्या उजव्या हाताला येऊन बसला, काही झालंच नाही असा. रसाची बादली दिसली आणि या माणसानं वाटी पालथी घातली! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सरळ कर ते वाटी," मी म्हणाले. "राहू दे वं," तो म्हणाला. मीच हात घालून ती सरळ केली, वाढप्यानं भरली. दादानं तिला बोट लावलं नाही. आमच्या घरात ताटात टाकायची पद्धत नाही, पण ती वाटी भरलेली तशीच राहिली. ती लाज होती, की पुन्हा माझ्यासाठी केलेलं नाटक? की खरंच सोडला होता त्यानं आता? विचारीन, नीट बसवून विचारीन, असं म्हणत मी वर्षभर अबोला धरला. यंदा रस सुरू व्हायच्या आत तो गेला.

तेरवीला त्याच्या नावानं वाढलेल्या पानात वहिनीनं काठोकाठ रसाची वाटी ठेवली. तिच्या नवऱ्याची आवड तिला माहीत. पंगत बसली, अमोल माझ्या उजव्या हाताला बसला. दुरून बादली येताना दिसली आणि माझ्या हातानं माझी वाटी पालथी घातली. मी उजवीकडे पाहिलं. अमोलची वाटी सरळ होती, वाढप्यानं ती भरली आणि माझ्यापुढे वाकला.

"रस, बाई?"

"आम्ही दोघं नाही खात," मी म्हणाले.

"दोघं कोण?" त्यानं विचारलं.

इतकी वर्षं दादा एकटाच खोटं बोलत होता. आता मीही बोलले.