तिसरी खुर्ची का गप्प झाली

लग्न होऊन मी वर्ध्याजवळच्या सेलूला आले आणि पहिल्याच आठवड्यात हादरले. माझे सासरे माझ्याशी बोलत नव्हते. राग वगैरे काही नाही, त्या घरात तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही. मामंजी दारातून खाकरायचे, मी पदर ओढून आत सरकायचे. माझ्याकडे काम असलं तर निरोप सासूबाईंमार्फत, म्हणजे आत्याबाईंमार्फत यायचा, मी तीन हातांवर उभी असले तरी. "तिले सांग, दूध उतू चाललं," असं ते आत्याबाईंना सांगायचे. आत्याबाई हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळायच्या, तोवर दूध शेगडीवर.

माझं माहेर आंजीचं. आमच्या घरी एका वेळी पाच जण बोलायचे आणि सहावा त्यांना गप्प करायला ओरडायचा. त्यामुळे हा मुका कारभार बघून माझं डोकं फिरायचं. नवरा नोकरीपायी नागपुरात, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मामंजी कापसाच्या जिनिंग कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दिवसभरात त्यांच्या तोंडून तीन वाक्यं निघायची आणि त्यातलं एक "दार लावून घ्या" असायचं. मी मनातल्या मनात त्यांना दगड म्हणायचे. ही ऐंशी साल उजाडायच्या आधीची दोन-तीन वर्षं.

वाचनालयात जायची परवानगी मात्र मला मिळाली. त्याचं कारण आत्याबाईंचा स्वार्थ. त्यांना मासिकांतल्या क्रमशः गोष्टींचं वेड होतं आणि बारीक अक्षर दिसत नव्हतं. दुपारी तीन ते साडेचार बायकांची वेळ, संध्याकाळी सहानंतर पुरुषांची. मी मासिक आणायचं, त्या तांदूळ निवडत बसणार, मी वाचायचं. नायिकेनं विष प्यायलं की नाही हे कळल्याशिवाय आमच्या घरी कुकर चढत नसे.

त्या वाचनालयात टेबलावर सुतळीनं बांधलेली एक जाड वही होती. वर लिहिलेलं 'सूचना व तक्रारी'. कोणीतरी कधीकाळी लिहिलं असणार की पंख्याचा आवाज फार होतो. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं की पंख्याचा नाही, वाचणाऱ्यांच्या घोरण्याचा होतो. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मी पोचले तेव्हा तिसरी वही चालू होती, आणि त्यात पंख्यापासून परलोकापर्यंत सगळं होतं. कपाशीवरची कीड, सुनांचे नखरे, देव आहे का, असला तर सेलूत कधी येतो का.

वहीची पद्धत वेगळीच होती. तिच्यात थेट कोणी लिहायचं नाही. तपासणीला येणाऱ्या साहेबांना रजिस्टर एका अक्षरात हवं असायचं, म्हणून दाराशी बिस्किटाचा रिकामा डबा ठेवला होता. त्यात घरून लिहून आणलेली चिठ्ठी टाकायची, खाली टोपणनाव. ग्रंथपाल सकाळी डबा उघडून सगळ्या चिठ्ठ्या आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढायचे, शब्दाचा फरक न करता. त्यामुळे कोणाचंच अक्षर कोणाला दिसत नसे. कोण कोण आहे हे विचारायचं नाही, हा न लिहिलेला नियम होता आणि आख्खं गाव तो पाळत होतं. ज्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत वेशीपलीकडे जातं, त्या गावात हे चाललं होतं. मला अजून नवल वाटतं.

मानाचं पान 'निवृत्त' यांना. त्यांना सगळं ठाऊक असायचं आणि ते अकरा ओळींहून कमी कधी लिहीत नसत. एकीकडे असं, दुसरीकडे तसं, तथापि, परंतु. पण कोणाला रेशनकार्डाचा अर्ज अडला किंवा बापाच्या पेन्शनचा कागद कळेना, की निवृत्तांचं उत्तर दुसऱ्या दिवशी हजर, आणि ते बरोबर असायचं. दुसरी 'दुपारची'. नावावरून बाई हे उघड होतं. तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला लोणचं, काढा किंवा लेप हेच उत्तर. देव आहे का, या वादात तिनं ओव्याचा काढा सुचवला होता.

आणि 'तिसरी खुर्ची'. वाचनालयात खुर्च्या दोनच होत्या, बाकी सगळी बाकं, म्हणून हे नाव. हा गृहस्थ ठेठ वऱ्हाडीत लिहायचा आणि ग्रंथपाल तसंच उतरवायचे. निवृत्तांनी एकदा भाषा शुद्ध ठेवण्याविषयी अकरा ओळी लिहिल्या, तर यानं खाली दोनच ओळी टाकल्या: "भाषा धुऊन वाळत घातली हाय. वाळली का आणतो. तोवर अशीच नेसून येऊन राह्यलो." दुपारी आमच्यातली एक शिक्षिका वही मोठ्यानं वाचायची आणि बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. मीसुद्धा. घरी गेल्यावर भाजी चिरताना आठवून हसू फुटायचं आणि आत्याबाई विचारायच्या, "काऊन वं, काय झालं?"

मी 'त्रस्त वाचक' या नावानं लिहायचे. मुद्दाम पुरुषी थाटात, कारण बाईचं म्हणणं लोक लोणच्यासारखं तोंडी लावतात. मी सगळ्यांना झोडायचे. निवृत्तांना म्हटलं की तुमच्या एकीकडे आणि दुसरीकडेच्या मध्ये आमचा जीव जातो. तिसऱ्या खुर्चीनं बायकोच्या बडबडीवर काही लिहिलं तेव्हा माझं टाळकं सरकलं. लिहिलं की हे महाशय घरात काडी इकडची तिकडे करत नसतील, अशांना खुर्चीलाच बांधून ठेवावं. त्यावर उत्तर आलं: "त्रस्तभाऊ, बांधा. नाई तरी घरी मले कोणी काई इचारत नाई. बायको बोलते, मी आयकतो. माह्यं बोलणं साचून राह्यते, ते इथं आणून सांडतो." ते वाचून मी वरमले. दोन वर्षं आमचं असं चाललं. माहेर सुटल्यापासून माझ्याशी बरोबरीनं भांडणारं तेच एक माणूस होतं.

मग एका दुपारी शिक्षिकाबाईंनी नवीन पान वाचायला घेतलं.

"आमच्या घरी परवा भरतात मीठ दोनदा पडलं. मी काई बोललो नाई, उलट एक भाकर जास्त खाल्ली. सुनेले वाटलं का बुढ्याले लय आवडलं. आज बाजारातून पुन्हा वांगे आणवले. पण एक सांगतो. आमची जमीन उखणली हाय, ताट डुगडुगते. ते पोरगी रोज माह्या ताटाखाली लाकडाची ढलपी सरकवते, कोणी न सांगता. अशा माणसानं खारट केलं तं खारट खावं. तिसरी खुर्ची."

बायका हसल्या. मी नाही. ती ढलपी मी जुन्या पाटाची काढली होती. वांगी मीच सांगून आणवली होती. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. दोन वर्षं मी माझ्या सासऱ्यांना शिव्या देत होते, खुर्चीला बांधा म्हणत होते, आणि ज्यांना मी दगड समजत होते त्यांच्या विनोदावर चूल फुंकता फुंकता हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? मी पित्त झालं म्हटलं.

घरी आले तर ते ओसरीवर बसलेले. खाकरले, मी पदर ओढला. आत्याबाईंना म्हणाले, "तिले सांग, चहा ठेव." त्या चहात मी साखर टाकली की मीठ, हे मला आजही सांगता येणार नाही.

मला हे इथेच ठेवता आलं असतं. पण त्याच महिन्यात माझं एक प्रकरण घरात अडकून पडलं होतं. मी लग्नाआधी बी.ए. झाले होते आणि मला बी.एड. करायचं होतं. वर्ध्याला बसनं रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं होतं. नवरा म्हणाला, बाबा ठरवतील. आत्याबाई म्हणाल्या, मुळीच नाही. बाबा काहीच म्हणाले नाहीत. फॉर्म माझ्या ट्रंकेत तीन आठवडे पडून होता आणि शेवटची तारीख शनिवारवर आली होती. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. एकदा मूल झालं की संपलं.

आणि वहीत आलं: "सुनेले शिकायले जायचं हाय. पोरगं म्हणते तुम्ही पाहा, बायको म्हणते नाई. माह्यं डोस्कं चालत नाई. मंडळींनी सांगा."

निवृत्तांनी अकरा ओळी लिहिल्या. एकीकडे स्त्रीशिक्षण, दुसरीकडे कुटुंबस्वास्थ्य, तथापि बसची वेळ. दुपारचीनं लिहिलं, पाठवा, पण आधी तिच्याकडून वर्षाचं लोणचं घालून घ्या. दुसऱ्या दिवशी तिसरी खुर्ची पुन्हा: "त्रस्तभाऊ काऊन गप्प? तो शिव्या देते, पण खरं बोलते. तो सांगीन तसं करतो."

मी थक्क झाले. माझं आख्खं आयुष्य माझ्याच हातात, एका चिठ्ठीवर. घरी येऊन मी दोन पानं लिहिली, एकाहून एक मुद्दे, वाचून दगडालाही पाझर फुटावा. मग परत वाचली आणि स्वतःचीच भीती वाटली. हा माणूस एका अनोळखी मित्रावर विश्वास टाकून बसला होता आणि मी त्या मित्राचा सदरा घालून त्याच्या खिशात हात घालत होते. पानं चुलीत टाकली. दुसरी चिठ्ठी लिहिली, नेहमीच्या भाषेत: "गावाला काय विचारता? तिला विचारा. तिच्या तोंडाला कुलूप आहे का?"

शुक्रवारी दुपारी मामंजी जेवायला बसले. मी पोळी लाटत होते, आत्याबाई वाढत होत्या. त्यांनी घास खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तुले जायचं हाय का?"

आत्याबाईंच्या हातातला वाढण्याचा डाव तसाच राहिला. "कोणाले इचारून राह्यले?"

"तिले."

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. खरंच निघेना. पानंच्या पानं लिहिणारी मी, हातात लाटणं धरून नुसती उभी. तव्यावरची पोळी करपायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "पाहा. तिचीच इच्छा नाई. उगा गवगवा."

तेव्हा माझा तोल गेला. मी वळले आणि जवळजवळ ओरडले, "मला जायचं आहे! आणि हे तीन आठवड्यांपूर्वीच विचारता आलं असतं. त्यासाठी निवृत्तांच्या अकरा ओळी वाचत बसायची गरज नव्हती!"

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं मी काय केलं. आत्याबाईंना काही उमगलं नाही, त्यांना फक्त सून ओरडली एवढंच दिसत होतं. मामंजींना उमगलं. त्यांनी प्रथमच सरळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांना भर चौकात उघडं केलं. बायकोविषयी लिहिलेलं, साचलेल्या बोलण्याविषयी लिहिलेलं, सगळं मी वाचलं होतं हे त्यांना त्या एका क्षणात समजलं. मी तिथं फक्त मासिक आणायला जाते असं ते धरून चालले होते. ते उठले, हात धुतले, आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "उद्या फॉर्म भरून देजो." आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला प्रवेश मिळाला. तिसऱ्या खुर्चीची चिठ्ठी त्या दिवसापासून आली नाही.

मामंजींनी वाचनालयात जाणंच सोडलं. संध्याकाळी ओसरीवर बसून राहायचे. इकडे वहीत चौकशा सुरू झाल्या. महिना गेला, दोन गेले. सुट्टीच्या दिवशी मी दुपारी गेले तर पानंच्या पानं त्यांच्याविषयी. कोणी लिहिलं की जिनिंगमधून थकून आल्यावर मी फक्त तिसरी खुर्ची वाचायला येत होतो. दुपारचीनं एकही लेप न सुचवता लिहिलं की मुलगा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ते यांच्या चिठ्ठीवर. आणि निवृत्तांनी, आयुष्यात प्रथमच, तीन ओळी लिहिल्या: "त्यांची भाषा मी चार वर्षे सुधारत होतो. माझी सुधारली. ते आता हयात नसावेत असे वाटते, त्यांना श्रद्धांजली." त्याखाली सगळ्यांनी आपापली टोपणनावं घातली होती. शिक्षिकाबाई वाचता वाचता रडायला लागल्या. ज्याला श्रद्धांजली वाहिली होती त्याला मी सकाळी चहा देऊन आले होते.

मी तरातरा घरी आले. ते ओसरीवर होते. मी पदर न ओढता समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामंजी, वाचनालयात लोक तुम्हाला मेलेले समजतात. रडून राहिलेत तिथं. एकदा तरी चिठ्ठी टाका."

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग अगदी हळू, न रागावता म्हणाले, "बाई, तिथं कोणाचं तोंड दिसत नव्हतं म्हून मी बोलत होतो. आता कागद घेतला का तू दिसते."

मी आत गेले. त्या दिवसानंतर मीही कधी चिठ्ठी टाकली नाही. त्रस्त वाचकही मेला असं वहीतल्या लोकांनी समजावं, एवढंच करणं माझ्या हातात होतं.