माहेरचं लुगडं येईपर्यंत

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, नको त्या वयाच्या मुलांचे पंचनामे केले. त्या सगळ्यांत कुणीतरी गुन्हेगार होता आणि त्याच्यावर राग काढता येत होता. या एका प्रकरणात तसा कुणी सापडला नाही. संबंधित माणसं हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंच लिहीत नाही, गावाचं नाही आणि त्या बाईच्या देशाचंही नाही.

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना मी श्रीगोंदा तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सगळा उसाचा पट्टा. गाळप हंगाम सुरू झाला की ठाण्याचं निम्मं काम रस्त्यावर असतं: उलटलेल्या ट्रॉल्या, अडलेली वाहतूक, तोडणीच्या टोळ्यांची भांडणं. अशाच एका सकाळी हजेरी उरकून मी टेबलाशी बसलो होतो, तर ठाणे अंमलदार आत आले.

"साहेब, निनावी फोन हाय. बाईचा आवाज हाय. म्हनती, मळ्यातल्या एका घरात परदेशी बाई कोंडून ठिवलीय. नवरा मेलाय. सासूनं पासपोर्ट काढून घेतलाय, उंबऱ्याभाईर येऊ देत न्हाई."

घर कुणाचं ते लगेच कळलं. त्या घरातला एकुलता एक मुलगा आखातात क्रेन चालवायचा. तिथे घरकामाला आलेल्या, आपल्या पूर्वेकडच्या एका देशातल्या मुलीशी त्याने लग्न केलं, मुलगी झाली, आणि शेती बघायची म्हणून तो बायको-मुलीला घेऊन गावी परत आला. नंतर एका संध्याकाळी, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. तो पंचनामा आमच्याच ठाण्याचा, माझ्या आधीच्या साहेबांच्या काळातला.

फोनची नोंद स्टेशन डायरीला झाली. परकीय नागरिकाचा विषय असल्याने जिल्हा विशेष शाखेला कळवणं भाग होतं, तेही झालं. हे सगळं नियमाप्रमाणे होतं आणि बाईला सोडवायला निघालोय, याच समजुतीत मी जीपमध्ये बसलो.

सोबत महिला हवालदार, दोन शिपाई आणि भाषेची अडचण नको म्हणून हायस्कूलचे इंग्रजीचे एक सर होते. घर सिमेंटचं, नवं, आखाती कमाईचं. रंग अर्धाच दिलेला. म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. मी विचारलं, "मावशी, सून कुठे आहे?"

"घरात हाय."

"बाहेर बोलवा."

"ती न्हाई यायची. तुमी आत या, च्या घ्या. काय इचारायचं ते आत बसून इचारा."

माणूस कोंडून ठेवणारे लोक पोलिसांना आत या म्हणत नाहीत. ते दार अडवतात, आवाज चढवतात, नाहीतर पुढाऱ्याला फोन लावतात. मला तिथेच शंका आली. पण नुसत्या शंकेवर चौकशी सोडता येत नाही, म्हणून मी जरा कडक आवाजात पासपोर्टचं विचारलं.

"माझ्यापाशी हाय. पेटीत," म्हातारी म्हणाली.

"तिचा पासपोर्ट तुमच्या पेटीत कसा?"

"मंग कुटं ठिवू? जमिनीचे कागुद बी तितंच हायेत. उंदरानं कुरतडला तर कोन भरून देनार, तुमी?"

आत गेलो. तिशीची, बारीक अंगाची बाई भिंतीला टेकून बसली होती. फिकट सुती साडी, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. शेजारी पाच वर्षांची मुलगी पाटीवर काहीतरी काढत होती. सरांनी घसा साफ केला आणि लांबलचक इंग्रजीत विचारलं, तुम्हाला इथे इच्छेविरुद्ध ठेवलं आहे का. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, मला कोनी कोंडलं न्हाई. माजा दुखवटा व्हायचाय अजून."

महिला हवालदाराला हसू फुटलं आणि दुसऱ्या क्षणी तिचं तिलाच वाईट वाटलं.

ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या घराच्या भावकीत नवरा गेल्यावर सुनेनं घराबाहेर पडायचं नसतं. माहेरचे लोक दुखवट्याचं लुगडं घेऊन येतात, तिला नेसवतात, दोन घास खाऊ घालतात आणि देवळापर्यंत नेऊन आणतात. त्यानंतर ती शेतात, बाजारात, कुठेही जायला मोकळी होते. एरवी महिना-दीड महिन्यात हे उरकतं. हिचं माहेर समुद्रापलीकडे होतं आणि नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं.

नियमाप्रमाणे सासूला बाहेर ठेवून महिला हवालदाराने तिचा जबाब घेतला. तेव्हा सगळा उलगडा झाला. भाऊ लुगडं घेऊन येणार होता. तो तिकडे नाव चालवतो, प्रवासी वाहतूक करतो. पहिल्या वेळी त्याचे कागद अपुरे म्हणून परत आले. दुसऱ्या वेळी त्याचा व्हिसाच नाकारला, कारण काय तेही कळवलं नाही. तिसऱ्यांदा अर्ज केला होता आणि सगळे वाट बघत होते.

मी पासपोर्ट मागवला. म्हातारीने पेटी उघडून फडक्यात बांधलेला पासपोर्ट आणि सोबतचा परवाना माझ्या हातात दिला. मी तारीख बघितली. इथे राहण्याच्या परवान्याची मुदत कधीच संपून गेली होती.

"मुदत वाढवून का नाही घेतली?" मी विचारलं.

"मोबाईलवर अर्ज भरला हुता. त्यांनी नगरला बोलावलं. आत्या म्हनल्या, दुखवटा झाला की जाऊ." सासूला ती आत्या म्हणायची.

"तुला कळत नव्हतं का, तारीख गेली तर काय होईल?"

"कळत हुतं. पन मी भाईर पडले असते तर भावकी काय म्हनली असती? लग्नात म्हनत हुते, परदेशी बाई हाय, आपली रीत काय पाळनार. मी पाळली."

मी परवान्यावरची तारीख वहीत उतरवून घेतली.

त्या सुमारास परकीय नागरिकांचे नियम फार कडक झाले होते. पूर्वी मुदत उलटली तरी कारण लिहून द्यायचं, दंड भरायचा आणि साहेबांसमोर हात जोडायचे, की वाट निघायची. आता सगळं संगणकावर होतं आणि संगणकासमोर हात जोडून उपयोग नसतो. नगरला परकीय नागरिक नोंदणीचं काम मी काही काळ पाहिलेलं होतं. कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरचे कागद अडले, तर कंपनीचा वकील गाडी घेऊन यायचा. कॉलेजात शिकणाऱ्या आफ्रिकेतल्या मुलांचं अडलं तर निदान एखादा प्राध्यापक खेटे घालायचा, तरीही त्यांतली काही मुलं परीक्षेआधीच परत गेली. नवऱ्याच्या नावावर आलेल्या बाईचा नवराच गेला, तर तिच्या वतीने बोलायला कुणी उरत नाही. तिने मुदतीत अर्ज पुरा केला असता तर बहुधा राहता आलं असतं, आणि हेच मला जास्त टोचतं.

मी अहवाल मनापासून लिहिला. सदर महिलेचे वर्तन चांगले, कोणत्याही गुन्ह्यात सहभाग नाही, मुलगी भारतीय नागरिक, सासू वृद्ध व निराधार, विलंबाचे कारण दुखवट्याची रूढी. दोन-तीन दिवसांतच वरिष्ठांचा फोन आला.

"हे दुखवटा काय लिहिलंय तुम्ही? मी हे कुठल्या रकान्यात बसवू?"

"सर, तेच खरं कारण आहे."

"खरं असेल हो. पण आजारपणाला रकाना आहे, पुराला आहे. दुखवट्याला नाही. उद्या प्रत्येक जण रूढी सांगेल." त्यांचा आवाज उतरला. "मलाही वाईट वाटतंय. पण माझ्या हातात काही नाही."

त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं. त्यांच्या वरच्यांच्याही नसणार. देश सोडण्याची नोटीस निघाली आणि ती बजावायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

नोटिशीची बातमी गावात पसरली, तशी एक आशाताई ठाण्यात आली. घरोघर जाऊन बाळंतिणींची चौकशी करणारी, चांगल्या स्वभावाची बाई. खुर्चीवर बसली आणि रडायलाच लागली. "साहेब, तो फोन मी केल्ता. मी जवा जावं तवा ती आतच. मला वाटलं, सासू छळतीय. मी तिला सोडवायला फोन केल्ता." मी तिला पाणी दिलं आणि तुमची काही चूक नाही म्हणालो. ते खरंही होतं. पण ती तशीच रडत उठून गेली.

जायच्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात गेलो. भावकीतली माणसं अंगणात उभी होती. म्हातारी दारात आडवी उभी राहिली.

"माह्यारचं लुगडं आल्याबिगर माझी सून घराभाईर पडायची न्हाई."

एक शिपाई पुढे होऊन सरकारी कामात अडथळ्याचं बोलायला लागला. मी त्याला मागे घेतलं. म्हातारीच्या डोळ्यांत भांडण नव्हतं. सून कायमची चाललीय हे तिला कळून चुकलं होतं, पण ती अपुऱ्या दुखवट्यात जाऊ नये एवढंच तिला हवं होतं.

"मावशी, मी आणलं लुगडं तर चालेल?" मी विचारलं.

ती माझ्या गणवेशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ म्हनून आना. पोलीस म्हनून नगं."

महिला हवालदाराला श्रीगोंद्याच्या बाजारात पिटाळलं. तिने निळं काठाचं लुगडं आणलं. मी टोपी काढून जीपमध्ये ठेवली, पायातले बूट काढले आणि आत जाऊन ते तिच्या हातात दिलं. ती ते नेसून आली. म्हातारीने दोघांच्या पुढ्यात भात-आमटी वाढली, आम्ही दोन-दोन घास खाल्ले. मारुतीच्या देवळापर्यंत मी तिला घेऊन गेलो. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच उघड्यावर आली होती. उन्हानं तिचे डोळे दिपत होते. देवळातून आम्ही परत घरी गेलो नाही, कारण शिपायांनी जीप देवळाशीच आणली होती आणि म्हातारीही नातीला घेऊन मागोमाग आली होती.

मुलीचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. कायद्याने ती इथे राहू शकत होती आणि भावकीचाही तोच आग्रह होता. म्हातारीने पोरीची पिशवी स्वतः जीपमध्ये ठेवली. "आईबिगर लेकरू ठिवून मी काय करू? घिऊन जा," एवढंच म्हणाली आणि मागे न बघता घराकडे चालायला लागली. मला तो रस्ता अजून दिसतो. मी त्या दिवशी रडलो, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

परत येण्यासाठी तिने तिकडून अर्ज केले. मुदत ओलांडून राहिल्याची नोंद असल्याने एकही मंजूर झाला नाही. म्हातारीनेही पासपोर्ट काढला. तिच्या पडताळणीसाठी मीच तिच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. मग तिकडचा व्हिसा मागितला, तर त्यांनीही नाकारला. त्यांचेही नियम कडक झाले आहेत म्हणे.

लोक विचारतात, या नोकरीनं काय शिकवलं. खुनातून, चोरीतून माणूस काहीतरी शिकतो. या प्रकरणातून मी एवढंच शिकलो की सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं, सुनेनं रीत पाळली, सासूनं सून सांभाळली, आशाताईनं माणुसकी दाखवली, मी नोंद केली, वरिष्ठांनी नियम पाळला, तरीही एक घर उठू शकतं. अशा वेळी अटक कुणाला करायची, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मी आता निवृत्त आहे. म्हातारी अधूनमधून फोन करते. नात आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर येते, असं सांगत असते. मागच्या वेळी म्हणाली, "साहेब, पोरगी मराठी इसरली. आजी एवढं म्हनती, पुढचं काय ते मला कळंना. माझं तिला कळंना."

"मग काय करता, मावशी?"

"काय करायचं. तिची आई कामाला गेलेली असती, मधी सांगायला कोनी न्हाई. आमी दोघी नुसत्या बगत बसतो."