एकोणीस मुलांची बातमी

वडवणीत आम्ही नऊ वार्ताहर, आणि बातमी मात्र रोज एकच. एक जण टाइप करून ग्रुपवर टाकतो, बाकीचे आठ पहिलं वाक्य बदलून आपापल्या पेपरला पाठवतात. मीही वीस वर्षं हेच केलं. फक्त आकडे तपासायचो. मिरवणुकीला 'हजारोंची उपस्थिती' असं आलं, तर मी 'सुमारे चारशे' करायचो, आणि सकाळी आयोजकांचा फोन यायचा.

मागच्या हिवाळ्यात जिल्हा कार्यालयातल्या उपसंपादकांनी सुनावलं, "तुमची अन् बाकीच्यांची बातमी शेजारी ठेवली तर कुणाची कुठली, कळत न्हाई. तालुक्यात दुसरं काही हाय का न्हाई?" लागलं, कारण खरं होतं.

मग जे जमतं तेच केलं, मोजायला लागलो. बसस्टँडवर उतरणारी माणसं मोजली, आठवडी बाजारातली दुकानं मोजली. त्यातून बातमी होईना. ती सापडली एका वस्तीवरच्या शाळेत.

दिवाळीच्या सुमारास तिथली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. मुलं मागं राहून शिकावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीचं घर. यादीत एकतीस नावं होती. मी वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा, न कळवता, जेवणाच्या वेळी गेलो. तीनही वेळा पंगतीत एकोणीस.

तिसऱ्यांदा मुख्याध्यापिका बाई फाटकापर्यंत सोबत आल्या. "सर, होळीपर्यंत थांबा. मग काय लिहायचं ते लिहा." कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, कागद नीट करायला वेळ मागतायत. बातमीच्या शेवटी लिहिलं, 'मुख्याध्यापिकांनी प्रतिक्रिया देण्याचे टाळले.'

बातमी पहिल्या पानावर आली. ग्रुपमधल्या आठांपैकी कुणाकडेच ती नव्हती. तो दिवस मला फार चांगला गेला, हेही सांगितलं पाहिजे.

चौथ्या दिवशी तपासणीला माणसं आली. त्यांनीही मोजली, एकोणीसच भरली. मुलं पंचवीसपेक्षा कमी असली तर वसतिगृह चालवता येत नाही, हा नियम त्यांनी तिथंच वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाची चूल पेटली नाही. एकतीस आणि एकोणीस मी तीनदा तपासले होते. पंचवीस शोधावा, हे मला सुचलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी वस्तीवर गेलो. पहिल्याच घरापुढं एक म्हातारी तूर पाखडत होती. तिनं मला ओळखलं.

"पेपरवाले ना तुमी? या. मोजायला आलात?"

मी तिच्यापाशी बसलो.

"माजी नात दुसरीत हुती. जेवन बंद झालं तसा लेक आला अन् घेऊन गेला. मी काय घालू तिला, माजंच मला भागंना. आता उसाच्या फडात बारक्या भावाला सांभाळती."

"मी खोटं लिहिलं नव्हतं, मावशी."

"कोन म्हनलं खोटं?" असं म्हणून तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

शाळेत बाई शिकवत होत्या. वसतिगृहातल्या एकोणीसांपैकी पाचच मुलं वर्गात होती. उरलेली चौदा आईबापांकडे गेली होती.

"यादीतली ती जास्तीची बारा नावंही वस्तीतल्याच पोरांची होती," बाई म्हणाल्या. "फडात पोर आजारी पडलं, की होळीच्या आत मधूनच परत येतं. नाव काढलं की त्याचं ताट गेलं. आणि यादी भरलेली होती म्हणून बाकीची एकोणीस जेवत होती." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "वसतिगृह पुन्हा सुरू करा, अशी बातमी लावतो."

"लावा ना. किती मुलं लिहिणार?"

खरा आकडा पाच होता आणि पाच मुलांसाठी ते कुणी सुरू करणार नव्हतं. एकोणीस लिहावीत, तर तीही अपुरी, आणि ते मीच छापून आणलं होतं. याहून मोठा आकडा माझ्या हातून लिहिला गेला नसता. बाई परत वर्गात गेल्या.

ती बातमी मी लिहिली नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चौदांपैकी आठ मुलं परत येऊन बसली, असं कळलं. बाकीच्या सहा जणांची चौकशी करायला मी गेलो नाही.